उणे अर्धा अंश बिअर

टांडेलरॉयट गावचे रहिवासी श्री. ओटमार राउशर, वय चौसष्ट, वजनमापे खात्यातून सन्मानपूर्वक निवृत्त, यांच्या रक्तात मार्च महिन्याच्या अकरा तारखेला साखर सापडली. खात्यात असताना अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या मालात काय जास्त आणि काय कमी हेच शोधलं होतं. सापडणं म्हणजे काय असतं याची त्यांना पूर्ण कल्पना होती. फरक इतकाच, की आजवर ते टेबलाच्या अलीकडे बसत आले होते आणि आज पलीकडे होते.

"सीमेवर आहात," डॉक्टर केस्टलरबाई कागद त्यांच्याकडे फिरवत म्हणाल्या. "आजार नाही अजून. पण आजाराच्या फाटकाशी उभे आहात."

"फाटक उघडं आहे की बंद?"

"बंद आहे. तुम्ही ते पोटानं ढकलताय. बिअर बंद करा, राउशर साहेब."

"कमी म्हणताय की बंद?"

"बिअर म्हणजे पातळ केलेला पाव. आठवड्याला किती पाव पिता?"

ओटमारनी मनातल्या मनात मोजलं आणि उत्तर दिलं नाही. कारकीर्दीत पहिल्यांदाच त्यांनी एक माप दडवलं.

प्रश्न नुसत्या पिण्याचा असता तर ओटमारनी मन घट्ट केलं असतं. प्रश्न खुर्चीचा होता. टांडेलरॉयटमध्ये तीन माणसं सलग दोनदा एका टेबलाशी बसली की त्यांचं मंडळ होतं, आणि मंडळ झालं की त्याची नोंदणी होते. ‘काळं अस्वल’ या खानावळीत खिडकीशेजारच्या टेबलाशी दर गुरुवारी संध्याकाळी सहाला सात जण बसत. त्यांचंही मंडळ होतं. अध्यक्ष कॉन्राड, गावचा खाटीक. नियमावली सतरा पानांची, आणि ती ओटमारनी लिहिली होती.

तिच्यातलं कलम चार-ब असं होतं: बैठकीत प्रत्येक सभासदासमोर बिअर असेल. सलग दहा बैठका ज्याच्यासमोर बिअर नसेल त्याचं सभासदत्व निद्रिस्त होईल. निद्रिस्त सभासदाला मताचा, खिडकीकडच्या खुर्चीचा आणि इतरांना सल्ला देण्याचा अधिकार राहणार नाही. हे कलम बारा वर्षांपूर्वी एका औषधविक्रेत्यासाठी घातलं होतं. तो सफरचंदाचा रस प्यायला लागला होता आणि त्याचे फायदे सांगत सुटला होता.

त्या गुरुवारी ओटमार सोडावॉटर घेऊन बसले.

"काय रे, आजारी आहेस?" कॉन्राडनं विचारलं.

"सीमेवर आहे."

"कुठल्या? चेक देशाच्या? मग तर तिकडे बिअर चांगली मिळते!"

टेबल हसलं. ओटमारही हसले. मग कॉन्राडनं खिशातून मंडळाची वही काढली आणि ओशाळून म्हणाला, "वाईट वाटतंय रे, पण नोंद करायला हवी. तूच लिहून ठेवलंयस, नोंद त्याच बैठकीत."

"शाईनं कर," ओटमार म्हणाले. "पेन्सिल चालत नाही."

असे हे गृहस्थ होते.

दुकानात मिळणाऱ्या ‘हलक्या’ बिअरच्या चार तऱ्हा त्यांनी आणून पाहिल्या. चारही प्यायल्यावर असं वाटलं, की शेजारच्या खोलीत कुणीतरी बिअर पितंय. शेवटी त्यांनी ठरवलं, की आपणच घरी बनवायची: साखर नसलेली, कर्बोदकं जवळपास नसलेली, हलकी, पण चव असलेली.

"माझ्या धुण्याच्या खोलीत?" त्यांच्या पत्नी रोझविताबाईंनी विचारलं. त्या गावच्या गायनवृंदात वरचा सूर लावत आणि घरातही तोच लावत.

"तळघर थंड असतं. तिथंच होईल."

"आणि भांडं?"

"अलुबुखाऱ्याच्या मुरंब्याचं."

"त्या भांड्याला हात लावलास तर मी माहेरी जाईन. माहेर शेजारच्याच गल्लीत आहे, म्हणजे रोज येऊन बोलून जाईन."

हात लावला गेला. दोघांच्या सोयीनं तोडगा असा निघाला, की भांडं ओटमारचं, झाकण रोझविताबाईंचं, आणि वास दोघांचा. शास्त्र साधं होतं. मोड आणून भाजलेले जव बासष्ट अंशांच्या पाण्यात दोन-अडीच तास नुसते बसवून ठेवायचे, म्हणजे त्यांच्यातली पिठुळ द्रव्यं तुटून साखर होतात. नेहमीच्या बिअरमध्ये त्यातली काही तुकड्यातुकड्यांनी मागे राहतात आणि पोटावर चढतात. ओटमारनी त्यात चिमूटभर एन्झाइम घातलं, म्हणजे उरलेले तुकडेही तुटावेत आणि यीस्टनं सगळं चाटूनपुसून खावं.

"म्हणजे सगळी साखर यीस्ट खाणार?" रोझविताबाई म्हणाल्या.

"सगळी."

"मग आजार यीस्टला होणार."

"त्याला डॉक्टर नाही."

पहिला घाणा तीन आठवड्यांनी तयार झाला. रोझविताबाईंनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि धुतलेल्या बरणीतलं तिसरं पाणी ओळखल्यासारखा चेहरा केला. "यात साखर नाही हे खरं आहे. पण यात काहीच नाही, ओटमार. हे तू बनवलंस की बनवायचं राहिलं?"

ओटमारनी दोन दिवस कृती पुन्हा तपासली. मग त्यांनी ओव्हनमध्ये मूठभर राय हे धान्य लालसर होईपर्यंत भाजलं, कारण रायमुळे पाण्याला अंग येतं. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची बोंडं उकळताना घालण्याऐवजी आच बंद केल्यावर घातली, आणि आंबवण संपत आलं तेव्हा आणखी एकदा थंडच सोडली. दुसऱ्या घाण्याची पहिली बाटली मेच्या पहिल्या शनिवारी उघडली. तिला लिंबाच्या सालीचा, नुकत्याच कापलेल्या गवताचा आणि भाजलेल्या पावाच्या कडेचा वास होता. पाव मात्र नव्हता. ओटमारनी डोळे मिटून पेला संपवला. रोझविताबाईंनी स्वतःचा पेला पुढे केला. लग्नाच्या छत्तीस वर्षांत त्यांनी याहून मोठी स्तुती केली नव्हती.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. आता फक्त एक कागद भरायचा होता.

घरगुती बिअर सीमाशुल्क कचेरीला कळवावी लागते, कारण बिअरवरचा कर तीच वसूल करते. सुरू करण्याआधीचं पान ओटमारनी वेळेवर भरून पाठवलं होतं: नाव, पत्ता, किती लिटर, कुठल्या खोलीत. समाप्तीच्या पानावर मात्र एक रकाना होता, ‘आंबवल्यानंतर उरलेला अर्क, अंशांत’, म्हणजे साखर वगैरे किती शिल्लक राहिली ते. ओटमारनी काचेची तरंगती नळी बिअरमध्ये सोडली. नळी शून्याच्या रेघेपाशी आली, थांबली नाही, आणि अर्धा अंश खाली उतरून मग स्थिर झाली. त्यांनी तीनदा मोजलं, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजलं, आणि रकान्यात लिहिलं: उणे अर्धा.

चार दिवसांनी कचेरीतून फोन आला.

"मी आन्सोर्गे बोलतेय. राउशर साहेब, तुमच्या अर्जावर एक आडवी रेघ पडलीय. शाई सांडली का?"

"ते उण्याचं चिन्ह आहे, बाई."

"म्हणजे काहीच नाही, त्याहून कमी?"

"तसं नव्हे. दारू पाण्याहून हलकी असते. साखर सगळी गेली आणि दारू राहिली, की नळी पाण्यात बुडते त्याहून खोल बुडते. साधी गोष्ट आहे."

"साधी असेल, पण आमच्या संगणकात उणे नाही."

"निसर्गात आहे."

"निसर्ग अर्ज भरत नाही, राउशर साहेब. तुम्ही भरता. शून्य लिहा ना! कोण बघायला येतंय?"

"बाई, पेल्यात दोन बोटं कमी बिअर दिली म्हणून मी जिल्ह्यातल्या निम्म्या खानावळींना नोटिसा काढल्यात. आणि आता मी खोटं माप लिहू?"

"मग असं करा, चिमूटभर साखर घाला. नळी वर येईल."

"साखर काढण्यासाठी तर हा खटाटोप केला!"

"मग लेखी खुलासा पाठवा," आन्सोर्गेबाई समजूतदारपणे म्हणाल्या. त्या खरोखरच समजूतदार होत्या. या साऱ्या प्रकरणात कुणीही वाईट माणूस नव्हता. म्हणूनच ते इतकं पुढे गेलं.

ओटमारनी तीन पानांचा खुलासा पाठवला, दोन आलेखांसह. इथे त्यांची चूक झाली, आणि खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती कळायला हवी होती. एक पान असतं तोवर तो कागद असतो. तीन पानं झाली की ते प्रकरण होतं, प्रकरणाला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळालेली गोष्ट आपल्या पायांनी चालायला लागते.

आठवड्याभरात उत्तर आलं. ‘ज्या द्रवातील अर्क शून्याहून कमी आहे, तो द्रव बिअर या व्याख्येत बसत नाही. सबब आपण बिअर बनवलेली नाही. आपण बिअर बनवलेली नसल्याने या कचेरीची कोणतीही हरकत नाही. मात्र आपण काय बनवले आहे हे निश्चित होईपर्यंत सदर द्रव कोणीही पिऊ नये.’ पत्राची प्रत अन्न तपासणी कचेरीला गेली होती.

अन्न तपासणीचे नॉइडेक साहेब सोमवारी आले. त्यांनी बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या, डोक्यावर जाळी घातली, आणि धुण्याच्या खोलीत वाळत घातलेल्या पलंगपोसांखालून वाकत वाकत बाटल्यांपर्यंत पोहोचले.

"हे काय आहे?"

"बिअर."

"बिअर नाही, असं पत्र आहे माझ्याकडे. बरं, कशासाठी बनवलंय?"

इथेही ओटमारना खोटं बोलता आलं असतं. "रक्तात साखर निघाली, म्हणून."

नॉइडेक साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे आजारासाठी?"

"हो, पण..."

"जे बिअर नाही आणि आजारी माणसासाठी आहे, त्याला काय म्हणतात?"

"नॉइडेक साहेब, तुम्ही एक घोट घेऊन बघा, तुम्हालाच कळेल."

"औषध म्हणतात," नॉइडेक साहेब म्हणाले, आणि अन्नाचा रकाना खोडून त्यांनी प्रकरण आरोग्य कचेरीकडे वळतं केलं. जाताना ते जिन्यात थबकले. "वास मात्र छान येतोय. हे मी लिहिलेलं नाही."

आरोग्य कचेरीनं दोनच गोष्टी मागितल्या. एक, डॉक्टरांची चिठ्ठी. दोन, चवीचा अहवाल.

केस्टलरबाईंनी सगळी कागदपत्रं वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी बाटलीतून चार थेंब तपासले, आकडे बघितले, आणि हसणं थांबवून म्हणाल्या, "अहो, यात खरंच काही नाही की! हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी चिठ्ठी लिहिली: राउशर यांचे पेय, पाव लिटरहून थोडे अधिक, दर गुरुवारी, जेवणाबरोबर, मित्रांच्या संगतीत.

"मित्रसुद्धा औषधात?"

"त्यांचा उपयोग होतो असं दिसून आलंय. दुष्परिणामही आहेत."

आता राहिला चवीचा अहवाल. बाहेरच्या तपासण्या गुरुवारी दुपारी करायच्या असा शिरस्ता असल्यामुळे गुरुवारी दुपारी तिघांची समिती धुण्याच्या खोलीत येऊन बसली: प्रकरण जिथून उगवलं त्या कचेरीच्या म्हणून आन्सोर्गेबाई, मधल्या कचेरीचे म्हणून नॉइडेक साहेब, आणि आरोग्य कचेरीचे एक अबोल गृहस्थ. त्यांचं नाव शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. फोनवर पन्नाशीच्या वाटणाऱ्या आन्सोर्गेबाई प्रत्यक्षात पस्तिशीच्या निघाल्या. त्या इस्त्रीच्या टेबलाशी बसल्या.

तिघांनी पहिला घोट घेतला.

"चव: आहे किंवा नाही," आन्सोर्गेबाईंनी वाचलं.

"आहे," नॉइडेक साहेब म्हणाले.

"असल्यास, ती आवश्यक आहे का?"

ओटमार न राहवून म्हणाले, "आवश्यक म्हणजे? चवीसाठीच तर राय भाजली!"

"तसं नव्हे, राउशर साहेब. औषध विनाकारण चवदार असेल तर लोक गरज नसताना घेतील. ती चव औषधाच्या कामाची आहे, की वरवरची, हे बघायला हवं. मला एका घोटात नाही सांगता येत."

"मलाही नाही," नॉइडेक साहेब म्हणाले.

अबोल गृहस्थांनी पेला पुढे केला.

नियमाप्रमाणे नमुना तीन प्रतींत लागत होता. तीन प्रती झाल्या. मग थंड बाटलीचा आणि कोमट बाटलीचा असे वेगवेगळे नमुने झाले. मग नॉइडेक साहेबांना शंका आली, की पोट रिकामं असताना घेतलेला अभिप्राय ग्राह्य धरता येईल का. तेव्हा रोझविताबाईंनी वरून सॉसेज आणि मोहरी आणली. साडेपाचला समिती उठली तेव्हा घाणा जवळपास संपला होता आणि निर्णय राखून ठेवण्यात आला होता. नवा घाणा झाल्यावर समिती पुन्हा बसणार होती. पायऱ्या चढताना आन्सोर्गेबाई अबोल गृहस्थांना म्हणाल्या, "इतक्या मनापासून तपासणी मी कधी केली नव्हती."

ओटमारच्या हातात एकच बाटली उरली. ती आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते त्याच संध्याकाळी ‘काळं अस्वल’मध्ये गेले. सोडावॉटर सुरू झाल्यापासूनची ही दहावी बैठक होती. खानावळीच्या मालकिणीनं चिठ्ठी वाचली, औषधाला आडकाठी करता येत नाही म्हणून पेला दिला, आणि ओटमार खिडकीकडच्या खुर्चीत बसले. त्यांनी फेस येऊ देत पेला भरला. टेबल बघत राहिलं.

"बिअर!" ओटमार म्हणाले.

कॉन्राड अस्वस्थपणे चुळबुळला. "ओटमार, लेका, आख्ख्या गावाला माहीत आहे. बिअर नाही असं पत्र आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"सरकारी शिक्क्याचं?"

"दोन शिक्के आहेत."

"मग मी वहीत काय लिहू? तूच सांग."

ओटमारनी पेल्याकडे पाहिलं. फेस हळूहळू बसत होता. सतरा पानांत एकही पळवाट ठेवलेली नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "नाही असं लिही," ते म्हणाले. मग उठून त्यांनी आपला पेला उचलला आणि कोट टांगायच्या खुंट्यांखालच्या स्टुलावर जाऊन बसले. कुणाच्या तरी ओल्या कोटाची बाही त्यांच्या खांद्यावर पडली. ती त्यांनी बाजूला सारली नाही. टेबलावर फुटबॉलचा विषय निघाला, चुकीचे आकडे सांगितले जाऊ लागले, आणि ओटमारना दुरुस्त करायचा अधिकार नव्हता. त्या दहा मिनिटांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले.

कॉन्राडला राहवेना. तो स्टुलापाशी आला. "एक घोट दे बघू."

"चिठ्ठीशिवाय देता येत नाही."

"नुसता वास?"

वासाबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं. कॉन्राडनं पेल्यात नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दुकान उघडायच्या आधी, तो केस्टलरबाईंच्या दवाखान्यात बाही वर करून बसला होता.

जूनच्या मध्यावर टांडेलरॉयटमध्ये साखरेची साथ आली.

डॉक्टरांनी कुणाला नाही म्हणायचं? गावातल्या पन्नाशीपुढच्या माणसांचं रक्त तपासलं तर निम्मे सीमेवर निघणारच होते. आजवर कुणी तपासायला येत नव्हतं, एवढंच. आता दवाखान्याबाहेर रांगा लागल्या. ज्यांचा अहवाल चांगला आला ते तोंड पाडून बाहेर पडत, आणि बाकीचे त्यांची समजूत घालत, "धीर सोडू नका, पुढच्या खेपेला होईल." गायनवृंदातले सगळे खर्जातले आवाज सीमेवर निघाले. चिठ्ठ्या सुटल्या. हे औषध ज्याचं त्यानंच घरी बनवायचं असा नियम असल्यामुळे गावातल्या प्रत्येक धुण्याच्या खोलीत मुरंब्याची भांडी चढली. दर शनिवारी ओटमार तळघरात शिकवणी घेऊ लागले. बासष्ट अंश म्हणजे बासष्ट, त्रेसष्ट नव्हे, असं ते ओरडायचे, आणि खाटीक, पोस्टमास्तरीण आणि दोन शिक्षक खाली मान घालून ऐकायचे. इतके आनंदी ते नोकरीतही कधी नव्हते.

गुरुवारच्या टेबलावर सातही जणांसमोर आता औषध असायचं. बिअर कुणासमोरच नसल्यामुळे ऑगस्टअखेर सातही सभासद निद्रिस्त झाले. मताधिकार कुणालाच नव्हता, म्हणून कलम चार-ब बदलताही येईना. मंडळ झोपेतच जमायचं, आणि झोपेत इतकं हसायचं, की खानावळीची मालकीण खिडक्या लावून घ्यायची. ओटमार पुन्हा खिडकीकडे बसू लागले, कारण त्यांना उठवण्याचा अधिकारही कुणाला उरला नव्हता. समिती अजून निर्णयाप्रत आली नव्हती. ती दर गुरुवारी दुपारी येत असे, आणि अलीकडे संध्याकाळीही खानावळीत थांबत असे, कारण चिठ्ठीत मित्रांच्या संगतीत असं लिहिलं होतं आणि तो मुद्दा तपासायचा राहिला होता. जिल्ह्याच्या आरोग्य अहवालात टांडेलरॉयटची नोंद ‘गंभीर परंतु उत्साही’ अशी झाली.

सप्टेंबरमध्ये ओटमार तपासणीला गेले. केस्टलरबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन, राउशर साहेब! साखर नाही. पोट चार बोटं आत गेलंय. तुम्ही बरे झालात." एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी फाडली.

"अहो, अहो, हे काय करताय?"

"औषध लागू पडलं की थांबवतात."

ओटमार घरी आले आणि त्यांनी थेट सीमाशुल्क कचेरीत फोन लावला. आता आन्सोर्गेबाई नंबर बघूनच ओळखत.

"बोला, ओटमारकाका."

"बाई, निरोगी माणसानं हे प्यायचं असेल तर कुठला अर्ज?"

कागद चाळल्याचा आवाज बराच वेळ आला. "निरोगी माणसासाठी अर्ज नाही. आजवर कुणी मागितलाच नाही."

"बिअर म्हणून पिऊ का?"

"ती बिअर नाही, पत्र आहे तुमच्याकडे."

"मग औषध म्हणून?"

"तुम्ही आजारी कुठे आहात?"

"मग पाणी समजून पितो!"

"पाण्याला चव नसते, काका. आम्ही कालच चवीच्या अहवालावर तिघांनी सह्या केल्या. चव आहे आणि ती आवश्यक आहे." त्यांनी फाइल मिटल्याचा आवाज आला. "मलाही वाईट वाटतंय हो. तुमचं ते, आणि तुम्हालाच..."

त्या गुरुवारी टांडेलरॉयटमध्ये सोडावॉटर पिणारा एकच माणूस होता, आणि बाकीचे जे पीत होते ते पेय त्यानंच शोधलेलं होतं. टेबलावरच्यांनी त्याच्याशी फार मायेनं वागायचं ठरवलं होतं. कॉन्राडनं तर त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला, आणि निरोगी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात विचारलं, "कधी कळलं?"

शुक्रवारी सकाळी साडेसातला ओटमार बायकोला न सांगता बाजारचौकातल्या बेकरीत गेले. मलईचा केक घ्यायचा, मागच्या बाकावर बसून खायचा, आणि निमूट घरी यायचं, असा त्यांचा बेत होता. दार ढकललं आणि ते उंबऱ्यातच थांबले. बेकरी भरलेली होती. कॉन्राड होता, पोस्टमास्तरीण होती, खर्जातले चौघे ओळीनं बसले होते, कोपऱ्यात नॉइडेक साहेब जाळी न घालता बसले होते. प्रत्येकासमोर मलईच्या केकचा एकेक तुकडा होता आणि प्रत्येकजण गोळी गिळावी तशा गांभीर्यानं तो खात होता. अबोल गृहस्थांनी मान वर करून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी धरतात," ते म्हणाले. "एका दिवसानं काही होत नाही. सातत्य लागतं."

"रोज?" ओटमारनी विचारलं.

"रविवार सोडून," बेकरीवाली काउंटरमागून म्हणाली. "एकच तुकडा. दोन खाल्लेत तर खरंच आजारी पडाल, अर्धा खाल्लात तर बरे व्हाल. बऱ्याच अनुभवानं हे माप बसवलंय."

"पण तुम्ही सगळे... मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू शास्त्राचा माणूस," कॉन्राड मलई पुसत म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल."

भिंतीशेजारच्या बाकावर आन्सोर्गेबाई बसल्या होत्या. पस्तिशीतल्या, सडपातळ, आणि गेल्याच महिन्यात कशाबशा सीमेवर पोहोचलेल्या. त्यांनी आपली पर्स उचलून जागा केली. "या, काका. ही रांग चिठ्ठीवाल्यांची आहे, पण तुम्हाला होतकरू म्हणून बसता येईल."

ओटमार बसले. तुकडा आला. मलई उत्तम होती, आणि त्यांनी तो शेवटच्या कणापर्यंत, कर्तव्यबुद्धीनं संपवला. शेजारी नॉइडेक साहेब आपली प्लेट पुसत होते. बाहेर चौकात ऊन पडलं होतं, आणि साऱ्या जिल्ह्यातली सर्वांत आनंदी आजारी माणसं बोटं चाटत आपापल्या कामाला निघाली होती.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी खुशाल हसावं. टांडेलरॉयटकरांना त्यांच्याकडून फक्त एवढीच माहिती हवी आहे: तुमच्या कपाटातल्या फायलीत कुठला दाखला आहे, आणि तो खरा राहावा म्हणून तुम्ही रोज सकाळी काय गिळता?